वाडीचे वर्ष आणि विहिरीचे पाणी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब आम्हांला भेटावयास आले. थोरला भाऊ, त्याची पत्नी, धाकटा भाऊ आणि त्यांची वृद्ध आई. वडिलोपार्जित वाडीच्या कडेचे बावखल भराव घालून बुजवावे, त्या जागी दोन्ही भावांसाठी दोन मजली घर बांधावे आणि पायाभरणीच्या दिवशी आम्ही येऊन प्रार्थना करावी, अशी त्यांची विनंती होती. भावांनी नकाशा उलगडून दाखविला. वृद्ध आई नकाशाकडे पाहत नव्हती. निघताना ती एवढेच म्हणाली, "फादर, त्या बावखलात आमच्या केळींचं पाणी आहे." आम्ही त्यांना तारीख दिली नाही. थोडे दिवस मागून घेतले. त्या दिवसांत जे वाचले, जे आठवले आणि जुन्या माणसांकडून जे ऐकले, त्यातून हा लेख सिद्ध झाला आहे.

आपल्या वसईचा इतिहास लिहिताना लेखणी सहसा किल्ल्याकडे धाव घेते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना वसई दिली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला जिंकला, १८०२ च्या अखेरीस येथेच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु या साऱ्या काळात किल्ल्याबाहेरची माणसे पहाटे उठून काय करीत होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते: ती वाडी शिंपीत होती. राजवटी बदलल्या, सारा घेणारे हात बदलले. शिंपणे बदलले नाही. या शिंपण्याचा इतिहास हाच आपल्या घरांचा इतिहास होय.

भूमी आणि तिचे धन

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचे मुख, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस आज जेथून रेल्वे धावते तो सखल पट्टा, अशा चतुःसीमेत आपली गावे वसली आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मग आठ महिने आकाश कोरडे राहते. चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरविण्याची विद्या ज्यांनी साधली, त्यांनीच या रेताड जमिनीत केळीची बाग उभी केली.

केळ ही या भूमीची जुनीच रहिवासी. तिचे फळ पाहून पोर्तुगीजांना आपल्याकडील अंजिराची आठवण झाली असावी. ते केळ्याला अंजिराच्याच नावाने ओळखीत. वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात 'हिंदुस्थानचे अंजीर' म्हणून केळ्याची चर्चा केली आहे. पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडून आणलेली अननस, पपई, काजू ही झाडेही आपल्या वाड्यांच्या कुंपणाशी रुजली आणि इतकी आपली झाली की, ती परकी आहेत हे सांगावे लागते. त्याच काळात येथील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. उपासना बदलली, भाषा, लुगडे आणि वाडी तीच राहिली. म्हणूनच आपल्या आणि शेजारच्या हिंदू बांधवांच्या वाडीत आजही फरक करता येत नाही.

वसईच्या केळींच्या जाती पुष्कळ. राजेळी, वेलची, तांबडी, मुठेळी आणि पुढे आलेली बुटकी बसराई. प्रत्येकीचा उपयोग वेगळा, स्वभाव वेगळा. राजेळी सावकाश वाढणारी, पण सुकेळी करावीत ती तिचीच. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरनेही आगाशीच्या सुकेळ्यांची मुद्दाम वाखाणणी केली आहे. केळीच्या जोडीला पानवेल, ऊस, नारळ, सुपारी, फुलझाडे आणि भाजीपाला असे. एकाच पिकावर संसार टाकू नये, हे शहाणपण त्या रचनेतच होते.

वाडीचे वर्ष

वाडीचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. पहिला पाऊस चांगला मुरला की केळीचे मुनवे लावावयाचे. लागवडीच्या केळीला रुजेल असे बी नसते. जुन्या केळीच्या बुंध्याशी जी पिले फुटतात, त्यांतील निकोप, तलवारीसारख्या निमुळत्या पानांची पिले निवडून, काढून, नव्या खड्ड्यात लावावी लागतात. म्हणजे आज एखाद्या वाडीत उभी असलेली राजेळी ही कोणा एका पणजोबाने लावलेल्या राजेळीचाच सलग वाढत आलेला देह असतो. तिला कोठेही खंड पडलेला नसतो. एका पिढीने जरी मुनवे लावण्याचा कंटाळा केला, तरी ती साखळी तुटते आणि बाजारातून बी आणून ती पुन्हा जोडता येत नाही.

आषाढ-श्रावणात पाणी साचू नये म्हणून चर मोकळे करावयाचे, तण काढावयाचे, बुंध्यांना मातीची भर द्यावयाची. वाऱ्याने केळी आडव्या होऊ नयेत म्हणून लोंगर धरलेल्या झाडांना बांबूचे टेकू लावावयाचे. सखल जमिनीत याच वेळी भाताची लावणी चाले. त्यामुळे घरातील माणसे सकाळी वाडीत आणि दुपारी चिखलात असत. श्रावण आणि भाद्रपद हे शेजारधर्माचेही महिने. सत्यनारायणाला केळीचे खांब, गणपतीच्या पंगतीला केळीची पाने आणि नैवेद्याला केळी, ही सारी अनेकदा ख्रिस्ती वाडीतूनच जात. त्याबद्दल कोणी कधी व्याख्यान दिले नाही. दोन्ही घरांना ते स्वाभाविक वाटे.

पाऊस ओसरला की, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा येई. नव्या भाताच्या लोंब्या मंदिरात आणून आशीर्वादित करावयाच्या आणि त्यांतील एकेक घरोघर न्यावयाची. आगेरा झाला की राहाट दुरुस्त करण्याची घाई सुरू होई, कारण आता पुढील आठ महिने आभाळाकडून काही मिळावयाचे नसे. सुताराला बोलावून चाकाचे दाते बदलावयाचे, नवा दोर वळावयाचा, फुटकी गाडगी काढून नवी बांधावयाची. मग वाफ्यांत भाजी, कडेला फुले आणि आळ्यांत पेंडीचे व सुक्या मासळीचे खत, असा हिवाळा भरून जाई.

नाताळानंतर ऊन कडक होऊ लागले की सुकेळ्यांचा हंगाम येई. राजेळीचे तयार लोंगर बंद खोलीत पेंढ्यात रचून, धुराची ऊब देऊन पिकवावयाचे. पिकलेली केळी सोलून चटयांवर उन्हात मांडावयाची. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी ती उचलून आत न्यावयाची आणि सकाळी पुन्हा मांडावयाची. आठवडाभर असे केले की केळे आटून मधाच्या रंगाचे होई आणि मग सुकलेल्या केळीच्या पानांत त्याची घट्ट पुडी बांधली जाई. हे काम मुख्यतः स्त्रियांचे आणि मुलांचे. कावळे हाकलण्याची नेमणूक आमची असे. त्या कामाचा मोबदला म्हणून मिळालेल्या एका सुकेळ्याची गोडी आम्हांला अद्याप आठवते.

एप्रिल-मे हे महिने विहिरीचे आणि बावखलाचे. पाणी तळाशी गेलेले असताना पुरुष मंडळी आत उतरून गाळ काढीत. तो गाळ वाया जात नसे; टोपल्यांनी वाडीत पसरला जाई. केळ जमिनीतून फार खाते. तिचे लोंगर काढल्यानंतर तो बुंधा तोडून तेथेच कुजू देत आणि त्याच्याच शेजारी तिचे पिल्लू वाढू लागे. एक केळ एकदाच फळते आणि आपली जागा मुलीला देऊन जाते. गव्हाच्या दाण्याचा दाखला आम्हांला पुढे सेमिनरीत शिकविला गेला, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे गहू उभा राहिला नाही. आमच्या वाडीतील तोडलेली केळ उभी राहिली.

या वर्षभराच्या कामात घरातील माणसांबरोबर आणखी हात राबत होते, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल. खड्डे खणणे, गाळ उपसणे, ओझी वाहणे ही जड कामे पुष्कळ वाड्यांत आदिवासी मजुरांनी केली. आपल्या घरांच्या आठवणीत त्यांची नावे उरलेली नाहीत. वाडीचा इतिहास लिहिताना ती उणीव आपली आहे.

बैलाचा थकवा

बावखल म्हणजे काय, हे आता नव्या पिढीला सांगावे लागते. वाडीच्या सखल कडेला खणलेले, पावसाचे पाणी साठविणारे ते तळे. त्यातील पाणी हळूहळू जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींना पाझर देई. समुद्रकाठच्या रेताड भूमीत गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून जितकी वर असेल, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकतो, असे भूजलशास्त्र सांगते. याचा अर्थ असा की, वरची पातळी एक फूट उतरली तर खालून खारे पाणी कालांतराने सुमारे चाळीस फूट वर सरकू शकते. आपल्या पूर्वजांना हे गणित ठाऊक नव्हते. तथापि त्यांच्या विहिरी शतकानुशतके गोड राहिल्या. असे का झाले?

उत्तर राहाटात आहे. विहिरीवर उभे चाक, त्यावर दोराने बांधलेली गाडग्यांची माळ, शेजारी दातेरी आडवे चाक आणि ते फिरविणारा, डोळ्यांना झापड बांधलेला बैल. गाडगी भरून वर येत, पन्हळीत रिकामी होत आणि पाणी पाटाने वाफ्यांकडे जाई. परंतु बैल थकत असे. काही तास फिरला की त्याला सोडावे लागे, चारा-पाणी द्यावे लागे. तेवढ्या वेळात विहिरीचे झरे पुन्हा वाहत आणि रात्रभरात पाणी जागेवर येई. विहिरीतून किती घ्यावे, याची मर्यादा बैलाच्या थकव्याने घालून दिलेली होती. आपल्या पूर्वजांना संयम पाळावाच लागला, म्हणून त्यांच्या अंगी संयम दिसला. हे मान्य करण्यात त्यांचा अनादर नाही.

रेल्वे आणि हारा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाडीचे जग अचानक रुंदावले. तोवर वसईचा माल गलबतांतून खाडीमार्गे मुंबईस जाई. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली स्थानिक गाडी धावली. पहाटे खुडलेली भाजी, फुले आणि पाने त्याच सकाळी मुंबईत विकता येऊ लागली. लाल लुगड्यातील वसईची बाई डोक्यावर हारा घेऊन गाडीत चढली आणि मुंबईच्या गल्लीबोळांत 'वसईवाली' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या कनवटीला आलेल्या रोख पैशांतून मुलांची शिक्षणे झाली, मुलींचे दागिने झाले आणि आमच्यासारख्या कित्येकांचे सेमिनरीचे कपडे शिवले गेले. वाडीचा इतिहास पुरुषांच्या नावे सातबाऱ्यावर असला, तरी तिचा हिशेब पुष्कळ काळ या स्त्रियांनी सांभाळला.

मात्र त्याच रेल्वेने पुढे दुसरेही काम केले. खानदेशातील केळी मोठ्या प्रमाणावर शहरांच्या बाजारांत येऊ लागली आणि वसईच्या लहान वाडीला भावात टिकणे जड गेले. आणि सर्वांत शेवटी त्या रेल्वेने माणसे आणली. मुंबईत ज्यांना घर परवडेना, ती कष्टकरी माणसे. त्यांच्याविषयी आमच्या मनात अढी नाही. आज आमच्या मंदिरातील अर्धे बाक तीच भरतात.

आमच्याच घरातील गोष्ट

राहाटाच्या जागी आधी तेलावरचे इंजिन आणि मग विजेचा पंप आला. बैल विकले गेले. आजोबा सांगत की, पंप बसला तेव्हा आजूबाजूची माणसे पाहावयास जमली होती आणि पाटात जोराने आलेले पाणी पाहून सर्वांना आनंद झाला होता. तो आनंद खरा होता. पहाटे तीनला उठून राहाट हाकणाऱ्या मुलाला शाळेत जाता आले, हा लाभ लहान नव्हे. परंतु पंप थकत नाही. बैलाच्या थकव्याने जी मर्यादा राखली होती, ती राखण्याचे काम आता माणसाच्या विवेकावर येऊन पडले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे विहिरींवर टँकर उभे राहू लागले. वाढत्या शहराला आणि बांधकामांना पाणी हवे होते आणि एका लोंगराच्या किमतीपेक्षा एका टँकरचे पैसे अधिक व बिनकष्टाचे होते. येथे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवू शकत नाही. १९८० च्या दशकात तीन उन्हाळे आमच्याच घरच्या विहिरीचे पाणी टँकरने गेले. बहिणीचे लग्न होते, घराचे छप्पर काढावयाचे होते. कारणे प्रामाणिक होती. तिसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी सकाळी तांब्याभर पाणी आणून आमच्या आईपुढे ठेवले आणि म्हणाल्या, "चाखून बघ." पाणी मचूळ झाले होते. विहीर त्यांची होती, उपसा आमचा होता. आईने त्याच दिवशी टँकर बंद करविले, पण दोन्ही वाड्यांतील राजेळीची पाने कडेने करपू लागली होती. काही वर्षांत ती गेली. आमच्या घरी आज राजेळी नाही.

त्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला करण्याचे शासकीय धोरण आले आणि त्याविरुद्ध 'हरित वसई संरक्षण समिती'चे आंदोलन उभे राहिले. त्याचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ साली निवर्तले. त्या आंदोलनात सर्व धर्मांची माणसे होती आणि त्याने पश्चिम पट्ट्यातील पुष्कळ हिरवळ वाचविली, हे निःसंशय. परंतु ज्या विहिरी आपण स्वतःच्या हाताने उपसल्या, त्यांच्यासाठी मोर्चा कोणाविरुद्ध काढावयाचा?

२००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. आज शहराच्या नळाला सूर्या धरणाचे पाणी दुरून येते. नळ आला, तसे बावखलाचे काम संपले असे सर्वांना वाटले आणि एकामागून एक बावखले भरली गेली. जुलै २०१८ मध्ये मुसळधार पावसाने वसई पाण्याखाली गेली, रेल्वे बंद पडली, घरांत गुडघाभर पाणी शिरले. त्या पुराला कारणे अनेक होती. त्यांपैकी एक कारण मात्र आपल्या अंगणातले होते: जे पाणी पूर्वी बावखलात जाऊन बसे, त्याला बसावयास जागा उरली नव्हती.

उत्तर

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रातून सृष्टीच्या सांभाळाची जबाबदारी श्रद्धावंतांपुढे ठेवली. ते परिपत्र आम्ही व्यासपीठावरून समजावून सांगितले आहे. परंतु समोर एक कुटुंब बसलेले असते, दोन भावांचे संसार तीन खोल्यांत कोंडलेले असतात, तेव्हा व्यासपीठावरचे शब्द अपुरे पडतात. घर मागणे हा गुन्हा नव्हे. आणि ज्यांच्या घराने पाणी विकले, त्यांनी दुसऱ्याला उपदेश करताना आवाज खालीच ठेवावा.

काही दिवसांनी आम्ही त्या कुटुंबाकडे गेलो. वर लिहिलेली आमच्या विहिरीची गोष्ट प्रथम सांगितली. मग म्हणालो, घर जेथे बांधाल तेथे आम्ही आशीर्वाद देण्यास येऊ, तो आम्ही रोखून धरणार नाही. फक्त भराव टाकण्यापूर्वी एक उन्हाळा बावखलाचा गाळ काढून पाहा आणि पुढच्या पावसानंतर विहिरीचे पाणी चाखून मग ठरवा. थोरला भाऊ काही बोलला नाही. धाकट्याने विचारले, "गाळ काढायला माणसं कुठून आणायची, फादर?"

प्रश्न रास्त होता. यंदाच्या मे महिन्यात धर्मग्रामातील तरुण मंडळी, शेजारची दोन हिंदू घरे आणि मजुरीवर आलेली चार माणसे यांनी मिळून आठ दिवसांत तो गाळ काढला. मजुरांची नावे या वेळी आम्ही वहीत लिहून ठेवली आहेत. गाळ वाडीत पसरला. घराचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. जुन्या घरावरच मजला चढविता येईल काय, याची चौकशी चालू आहे आणि खर्चाचा आकडा मोठा आहे. बावखल आज भरलेले आहे. ते उद्या राहील, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्या वृद्ध मातेने आम्हांला राजेळीची दोन पिले दिली. आमच्या धर्मगुरुनिवासामागे, विहिरीपासून दहा पावलांवर, ती आम्ही लावली आहेत. त्यांना रोज किती पाणी लागते, ते आता आम्हांला मोजून द्यावे लागते.